‘ज्याला जमत नाही तो समीक्षक होतो’ : खुरीब्गाहून एक उत्तर

चित्रपट पडला की एक वाक्य हमखास फिरू लागते: ज्याला चित्रपट करता येत नाही तो समीक्षक होतो, तो नुसती नावे ठेवतो आणि मूठभर शहाण्यांपलीकडे त्याला कोणी विचारत नाही. यात तीन निरनिराळी विधाने आहेत. मोरोक्कोचे पत्रकार आणि चित्रपट-समीक्षक नूरउद्दीन साईल यांच्या आयुष्यावर ती घासून पाहावीत.

पहिले विधान लवकर निकालात निघते. १९४७ साली टँजियरला जन्मलेले आणि तत्त्वज्ञान शिकवणारे साईल पटकथाही लिहीत. मोहम्मद अब्दररहमान ताझी यांच्या १९८९ च्या ‘बादिस’च्या पटकथेत त्यांचा वाटा आहे. अर्थात तो नसता तरी त्यांची समीक्षा हलकी ठरली नसती. सदरा काखेत काचतो हे सांगायला शिवणकाम यावे लागत नाही.

‘मूठभर शहाणे’ हा आरोप मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९७३ साली साईल यांनी देशभरच्या फिल्म क्लबांचा महासंघ उभा केला. तेव्हा राजे हसन दुसरे यांची राजवट होती आणि विरोधकांची धरपकड चालू होती. अशा दिवसांत खेळ संपल्यावर दिवे लावून अनोळखी माणसांनी पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीवर मोकळेपणाने वाद घालणे, हीच मुळी साधी बाब नव्हती. पुढे १९७७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, तोही रबात किंवा कासाब्लांकासारख्या मोठ्या शहरात नव्हे, तर खुरीब्गा या फॉस्फेटच्या खाणींच्या गावात. तिथल्या मध्यरात्रीच्या चर्चा प्रसिद्ध आहेत: दिवसभराचे खेळ आटोपले की दिग्दर्शक, समीक्षक आणि प्रेक्षक एकत्र बसतात आणि बोलणे रात्री उशिरापर्यंत रंगते. ज्याला सामान्य प्रेक्षकांची पर्वा नाही असा माणूस खाणींच्या गावात महोत्सव कशाला भरवील?

राहिले ‘नुसती नावे ठेवणे’. साईल यांनी ‘दोझेम’ ही दूरचित्रवाहिनी चालवली आणि २००३ पासून २०१४ पर्यंत ते मोरोक्कोच्या सरकारी चित्रपट केंद्राचे प्रमुख होते. देशातच जास्त चित्रपट निघाले पाहिजेत, कारण संख्या वाढल्याशिवाय दर्जाही वाढत नाही, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या कारकिर्दीत वर्षाकाठी जेमतेम दहाच्या आत निघणारे पूर्ण लांबीचे चित्रपट सरकारी अर्थसाहाय्याच्या बळावर वीसच्या घरात पोचले. डिसेंबर २०२० मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र विरोधकांना द्यावी लागेल. चित्रपट वाढत असताना चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडत होती आणि ती गळती साईल यांनाही थांबवता आली नाही. पण तो दोष काढायचाच तर खुर्चीवरच्या अधिकाऱ्याचा निघतो, समीक्षकाचा नव्हे.