देव तरी उतरवू द्यायचा होतास

सकाळी चहा ओतून घेतला, मोबाईल उघडला आणि चहा तसाच गार झाला.

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एका पोरानं फोटो टाकलेत. १९६७ ची फियाट डिलाइट, पिस्ता रंग, चांदीकाम करणाऱ्या हुपरीतली. खाली लिहिलंय, "मंदी म्हणजे आपली दिवाळी. चांदीवाला नडला होता. सव्वादोन सांगत होता, एक तीसला पाडली." त्यावर ढीगभर अंगठे. "नाद खुळा भावा." "अजून आठ दिवस दम धरला असतास तर लाखाच्या आत आली असती."

मी चौथा फोटो मोठा करून बघितला. डॅशबोर्ड. स्पीडोमीटरच्या शेजारी अंबाबाईचा बोटभर फोटो, पितळी चौकटीतला. चौकटीला वाळलेली मोगऱ्याची वेणी. गाडी या पोराच्या दारात उभी आहे आणि देवी अजून आधीच्या मालकाची.

ज्यानं कधी घरची गाडी विकली आहे त्याला हे सांगायला नको. आपल्याकडं आधी देव उतरवतात, मग किल्ली देतात. नमस्कार करतात, फोटो वरच्या खिशात घालतात, आणि मग बाजूला होतात. तेवढंही त्या माणसाला जमलं नाही, म्हणजे गाडी कशी गेली असेल दारातून? घाईत? का त्याला बघवलं नाही म्हणून तो घरातच बसला?

ग्रुपवर बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून इथं लिहितोय. इथं सगळी आपली माणसं आहेत.

माझ्या फियाटची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण मी ती नेहमी अर्धीच सांगतो. २००९ चा जानेवारी. मी पोस्टात. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा पहिला हप्ता, चाळीस टक्के, नुकताच हातात आला होता. आणि तिकडं इचलकरंजीत कापडाचे यंत्रमाग बंद पडत होते. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली तेव्हा आम्ही पेपरात वाचून पान उलटलं होतं. चार महिन्यांत तिचा धक्का एका गल्लीतल्या शेडपर्यंत पोचला होता. गाडी विकणारे अण्णा, त्यांचे चोवीस माग होते, त्यातले सोळा थांबलेले. इचलकरंजीत ज्या गल्लीत बोलताना ओरडावं लागतं, तिथं मी आणि अण्णा हळू आवाजात बोलू शकत होतो. १९६६ ची गाडी, पांढरी. त्यांनी पंचावन्न हजार सांगितले. मी चाळीस दिले.

पुढचं नंतर सांगतो. आधी या 'भाव पडले, भाव पडले' म्हणून नाचणाऱ्यांना विचारायचं आहे, कुणाचे पडले?

फेरारी २५० जीटीओ नावाची गाडी आहे, जगात जेमतेम छत्तीस बनल्या. २००८ च्या मंदीत लोकांची घरं गेली, नोकऱ्या गेल्या. आणि २०१४ मध्ये तीच गाडी कॅलिफोर्नियातल्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली. २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना. २०२२ च्या मे महिन्यात अख्खं जग महागाईनं कण्हत होतं, युक्रेनमध्ये लढाई पेटली होती, आणि त्याच महिन्यात मर्सिडीजची १९५५ ची एक गाडी १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. वरच्या माणसाला मंदी लागत नाही. शेअर घसरले की तो पैसा काढतो आणि अशा दुर्मीळ वस्तूत घालतो. त्याला विकायची घाई नसते, म्हणून त्याला पडत्या भावात गाडी द्यावी लागत नाही.

द्यावी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला. १९८७ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, पुढच्या ऑगस्टात फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले, आणि जुन्या गाड्यांचे भाव असे सुटले की इंग्लंडमधली साधी नोकरदार माणसं कर्ज काढून जॅग्वार ई-टाइप ही स्पोर्ट्स कार घ्यायला लागली. भाव चढतच राहणार असं सगळे म्हणत होते. मग व्याजदर वाढले, जपानचा फुगा फुटला, १९९० नंतर त्याच ई-टाइप निम्म्यावर आल्या, काही त्याच्याही खाली. ज्याच्याकडं दहा गाड्या होत्या त्यानं शटर ओढून वाट बघितली. ज्याच्याकडं एकच होती आणि हप्ता चालू होता, त्याला ती त्याच पडत्या भावात द्यावी लागली.

आपल्याकडं तर असे लिलावही फारसे नाहीत. हुपरीच्या फियाटचा भाव कोण ठरवणार? इंजिन बघून, पत्रा बघून, कागद बघून ठरायला पाहिजे. ठरतो तो विकणाऱ्याच्या नडीवर. पोरीचं लग्न आहे का, दवाखाना आहे का, बँकेची नोटीस आली आहे का, हे आधी काढून घ्यायचं आणि मग आकडा बोलायचा. २०१६ च्या नोव्हेंबरात हेच बघितलं. जुन्या गाड्यांचा सगळा व्यवहार रोखीचा, आणि ८ तारखेच्या रात्री रोख संपली. ज्याच्याकडं नव्या नोटा होत्या तो राजा. २०२० च्या लॉकडाऊननंतर पुन्हा तेच. सहा महिने उभी गाडी, बॅटरी मेलेली, ब्रेकचे सिलिंडर जाम, टाकीत गंज, आणि "बंद गाडी आहे काका, भंगाराच्या भावानं द्या."

बंद का पडली होती ते विचारलंत का रे?

आणि हे आजचं नाही. राजेरजवाड्यांचंही हेच झालं. १९७१ ला तनखे बंद झाले आणि ज्या गाड्या दसऱ्याला हत्तीच्या बरोबरीनं निघायच्या त्या चार पैशांत गेल्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग आज परदेशात आहे. ती गाडी बनवणारी कंपनीच अमेरिकेतल्या महामंदीनं १९३७ साली संपवली. आज त्या ड्यूसेनबर्ग कोट्यवधी डॉलरना जातात. होळकर ते होळकर. आपला चांदीवाला एक लाख तीस हजार घेऊन गप्प बसला.

हो, गाडी ही चैन आहे. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे त्यानं गाडी कवटाळून बसू नये, हे मला कळतं. आणि घेणारा नसता तर त्या माणसाला एक तीसही मिळाले नसते, हेही कबूल. पुढं.

ही माणसं चैन करत होती असं ज्यांना वाटतं त्यांनी एक फियाट वर्षभर सांभाळून दाखवावी. पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीला २०२२ पासून पाच हजार, आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टात, वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केले. वर ग्रीन टॅक्स. २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम चांगला आहे, पन्नास वर्षांवरच्या गाडीला मान मिळाला, पण त्याचे वीस हजार, आणि ती गाडी रोज वापरायची नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप त्यात फुगतात, चिरतात. कार्ब्युरेटर दोनदा उघडला या वर्षात. पूर्वी स्पेअर मिळायचे कारण मुंबईत हजारोंनी काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी, फियाटचंच पुढचं रूप, पळत होत्या. २०२३ च्या ऑक्टोबर अखेर त्याही रस्त्यावरून गेल्या. ज्या गाडीला गिऱ्हाईक नाही तिचं बुश, म्हणजे सांध्यातली धातूची नळी, कोण बनवणार?

माझे मिस्त्री बनवतात. उद्यमनगरात लेथवर उभे राहून गनमेटलचं बुश स्वतः कातून घेतात, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्यांचं. दांडी हलवून बघतात, पुन्हा लेथवर जातात, पुन्हा हलवून बघतात. वय सत्तर. आधी महिन्याला सात-आठ फियाट यायच्या त्यांच्याकडं, आता दोन. मुलगा हे काम करत नाही. मंदीत गाडी विकली गेली की ती बहुतेक पुण्या-मुंबईला जाते, कुठल्यातरी फार्महाऊसवर, लग्नाच्या फोटोंना. तिथं ती चकाचक दिसते, पण या म्हाताऱ्याच्या हातचं एक काम कमी होतं. तुम्ही भावाचा हिशेब करता तेव्हा हा हिशेब कोण करतं? कुणीच नाही. आणि हे मिस्त्री गेले की मग पाच लाखांची फियाटसुद्धा नुसती शोभेची.

राग येतो. खूप राग येतो.

आता अण्णांचं राहिलेलं.

त्या दिवशी मी एकदा निघून जायचं नाटक केलं. स्कूटरला किक मारली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं ते हाक मारणार. गल्लीतला चहावाला मला आधीच बोलून गेला होता की सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ लावून घ्यायचे, पैसे थटलेत, शनिवारी मजुरांचा पगार आहे. अण्णांनी हाक मारली. "या, बसा. चाळीस म्हणता तर चाळीस."

मग ते आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॉइंटचा सेट, एक कंडेन्सर, फॅनबेल्ट, पेट्रोल पंपाचा पडदा, चार प्लग. सगळं नवं. याचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नाहीत. शेवटी लाल कापडी बांधणीची वही, सुताचा हिशेब लिहितात तसली. १९७८ पासून गाडीला घातलेला प्रत्येक लिटर ऑइल त्यात आहे. "प्लग ४, ऑइल, गाडी नरसोबावाडीला." "क्लच प्लेट, मोठ्या मुलीला आणायला सांगलीला." त्यांनी वही बोनेटवर ठेवली, चष्मा लावला आणि उभ्यानंच शेवटची ओळ लिहिली. "गाडी पोस्टातल्या साहेबांना दिली. रु. ४०,०००." तारीख घातली. मग दार उघडून आत वाकले, दत्ताचा फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात घातला.

निघताना म्हणाले, "वर्षातनं एकदा दारात आणा साहेब. नात विचारते."

मी चार वर्षांनी गेलो. काय काम असतं पोस्टातल्या माणसाला रविवारी? काही नसतं. तरी चार वर्षं लागली. शेडला कुलूप. शेजाऱ्यानं सांगितलं, माग भंगारात गेले, किलोवर. अण्णा मुलाकडं पुण्याला. पत्ता त्यालाही नीट माहीत नव्हता. मी गल्लीत गाडी उभी करून हॉर्न वाजवला दोनदा. का वाजवला, माहीत नाही.

त्या पंधरा हजारांनी माझं काय अडलं असतं? थकबाकी होती, दर महिन्याला पगार होता. आजही ती वही माझ्या कपाटात आहे आणि चाळीस हजारांची ओळ आली की मी पान उलटतो.

म्हणून या पोराला नुसत्या शिव्या घालून मला सुटता येत नाही. मी हुशारी केली, त्यानंही केली. त्याचं वय पंचवीस-सव्वीस असेल, कदाचित स्वतःच्या कमाईची पहिली जुनी गाडी असेल. फोटोत त्याचा हात बोनेटवर आहे आणि तो हसतोय, आणि ते हसणं खरं आहे, गाडी आवडली आहे त्याला. घासाघीस कर बाबा, सगळे करतात. पण दिवाळी म्हणू नकोस. चांदी किलोला लाखाच्या पलीकडं गेली तेव्हापासून हुपरीतल्या कितीतरी घरांत पैंजणाचं काम थंडावलं आहे, आणि तुझी गाडी त्यातल्याच एका घरातून आली आहे.

तू माझ्या मित्रयादीत नाहीस, पण आपले दहा-बारा जण सारखे आहेत. कुणीतरी हे तुझ्यापर्यंत पोचवेल. ग्रुपवर नाव घेऊन बोलणार नाही, फोनही करणार नाही. एवढंच कर. ती चौकट स्क्रूनं बसवलेली दिसते फोटोत. पानानं ओढू नकोस, पत्र्याला ओरखडा येईल, छोटा स्क्रूड्रायव्हर घे. वेणीसकट काढ. कागदात गुंडाळ. आज रविवार आहे, हुपरी काही लांब नाही. गाडी घेऊनच जा, आणि त्यांनी विचारलं तर किल्ली त्यांच्या हातात दे, गल्लीच्या टोकापर्यंत चालवू दे. घरी कुणी लहान असेल तर मागं बसव.

मिस्त्रींचा नंबर हवा असेल तर मला मेसेज कर. बुश ते बनवतात.