नकाराधिकार, आमसभा आणि निळी हेल्मेटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रमुख अंगांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सुरक्षा परिषदेतील पाच कायम सदस्यांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की सारे ठप्प होते, मग सर्व सदस्य राष्ट्रांच्या आमसभेवर एवढी शाई का खर्च केली, हा पहिला. आमसभेचे ठराव बंधनकारक असतात हे माझे विधान चुकीचे आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाला १९५६ सालचे सुएझ प्रकरण, म्हणजे सुएझ कालव्याच्या ताब्यावरून पेटलेला संघर्ष, हे उत्तर आहे. इजिप्तवरील हल्ल्यात ब्रिटन आणि फ्रान्स स्वतःच सामील असल्याने त्यांनी परिषदेतील ठराव नकाराधिकाराने पाडले. तेव्हा ३१ ऑक्टोबरला परिषदेने सात विरुद्ध दोन मतांनी हा विषय आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनाकडे सोपवला. विरोधातली दोन मते याच दोघांची होती, परंतु प्रश्न कार्यपद्धतीचा असल्याने तिथे नकाराधिकार चालला नाही. शांतिसेनेची योजना ४८ तासांत सादर करावी, असे आमसभेने सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांना सांगितले आणि संघाची पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. घाई एवढी होती की, निळ्या टोप्या शिवून मिळेपर्यंत थांबणे शक्य नव्हते; म्हणून अमेरिकी हेल्मेटांची आतली प्लॅस्टिकची कवचे निळ्या रंगाने फवारून सैनिकांना दिली गेली. पुढे जगभर ओळखीचे झालेले ते निळे हेल्मेट म्हणजे मुळात अशी वेळ मारून नेण्याची युक्ती होती! या सेनेत भारतीय जवानही होते.

पुढे सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी शांतिसेनांच्या खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला, तेव्हा हा खर्च सनदेच्या कलम १७ खाली संघाचाच खर्च ठरतो, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिले. मत सल्लावजा होते आणि थकबाकी लगेच काही वसूल झाली नाही, हेही सांगितले पाहिजे.

आमसभेच्या मर्यादा मी नाकारत नाही. ती सेना यजमान देशाच्या संमतीवर उभी होती. मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच तेव्हाचे सरचिटणीस ऊ थांट यांनी सेना मागे घेतली आणि जूनमध्ये इस्रायल व अरब देशांत युद्ध पेटले. आज मोहिमांना मंजुरी परिषदच देते, मात्र १ जुलैपासून सुरू होणाऱ्या वर्षाचे त्यांचे अंदाजपत्रक आमसभेच्या पाचव्या, म्हणजे प्रशासन व अंदाजपत्रक पाहणाऱ्या, समितीतूनच जाते. मोहिमेत किती माणसे नेमायची, यावर तिथे होणारी घासाघीस परिषदेतील भाषणांइतकी गाजत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप मान्य आहे. सदस्य राष्ट्रांनी काय करावे याविषयीचे आमसभेचे ठराव शिफारशीच असतात. अंदाजपत्रक आणि वर्गणीची वाटणी यांबाबतचे तिचे निर्णय मात्र बंधनकारक असतात. मी दोहोंची गल्लत केली होती. मूळ लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.