साठी ते ऐंशी मेंदू 'टॉप'ला? तो फॉरवर्ड परत आलाय

परवा सोसायटीच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. दोन वर्षांत चौथ्यांदा असेल. ज्यांना अजून आला नाही (म्हणजे बहुतेक कुणीच नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत म्हणे मोठा अभ्यास झाला, त्यात कळलं की माणसाचं सगळ्यात प्रॉडक्टिव्ह वय 60 ते 70, दुसरा नंबर 70 ते 80 चा, तिसरा 50 ते 60 चा. पुरावा म्हणून नोबेलवाल्यांचं सरासरी वय 62, मोठ्या कंपन्यांच्या सीईओंचं 63, पोपचं 76. खाली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन 70, 389 (2018)' असा भारदस्त संदर्भ आणि त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मी 66 ची. बँकेतून रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी मोडी लिपी (जुने मराठी कागद जिच्यात लिहिलेत ती) शिकायला लागले. म्हणजे हा मेसेज माझ्याच बाजूचा की! तरी डोक्यात जातो.

आधी तो संदर्भच बघू, बँकेत जन्म गेला त्यामुळे व्हाउचर नंबर तपासायची सवय सुटत नाही. या जर्नलचे वर्षाला दोन खंड निघतात. 2018 चे खंड 378 आणि 379. मग 389 खंड धरला तर तो 2023 चा, म्हणजे मेसेजातल्या तारखेला छापलेलाच नव्हता, आणि 70 धरला तर तो 1864 च्या सुमाराचा, तिकडे अमेरिकेत यादवी चालू असतानाचा! असा अभ्यास त्या जर्नलमध्ये नाहीच. एंट्रीच बोगस आहे हो.

आता नोबेल. सरासरी 62 च्या आसपास असेलही, पण बक्षीस मिळायचं वय आणि काम करायचं वय यात केवढी दरी असते! ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं 1983 साली, वयाच्या 73 व्या वर्षी. ज्या गणितामुळे त्यांचं नाव झालं ते त्यांनी 1930 मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलं, तेव्हा ते 19 वर्षांचे होते. ही दरी म्हणजे जगाला समजायला लागलेला वेळ, आणि आपण तो त्यांच्या सत्तरीच्या खात्यावर जमा करतो.

पोपचं तर काय सांगू. ज्या पदावर माणूस बहुतेक वेळा म्हातारपणीच निवडला जातो, तिथे सरासरी वय जास्त निघणारच की. आणि त्याच कॅथलिक चर्चमध्ये बिशपना 75 ला राजीनामा सादर करावा लागतो, ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलला नवा पोप निवडताना मत देता येत नाही. हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. सीईओंचंही तेच, शिडी चढून वर पोचेपर्यंत केस पांढरे होतात, त्यावर जास्त शाई नको घालवायला.

याच मेसेजचा एक जुळा भाऊ फिरतो, त्यात मेंदूतलं मायलिन वाढून बौद्धिक क्षमता 300 टक्के होते असं लिहिलेलं असतं. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, ते मध्यमवयापर्यंत वाढतं आणि पुढे कमी होत जातं, साठीनंतर उसळी वगैरे काही नाही. 300 टक्के झाली असती तर मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला नसता.

पण सगळंच खोटं म्हणून निकालात काढायचं नाहीये मला. सियाटलमध्ये 1956 पासून वर्षानुवर्षं त्याच माणसांची बुद्धी मोजत राहिलेला एक अभ्यास आहे, शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केलेला, त्यात दिसलं की सगळ्या क्षमता एकत्र ढासळत नाहीत. वेग लवकर कमी होतो, शब्दसंपत्ती बराच काळ टिकते, माणसामाणसात फरकही खूप. आणि स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की पुढचा वेळ कमी आहे हे जाणवलं की माणूस मनाला भिडेल तेच निवडायला लागतो. हे मला शंभर टक्के पटतं, कारण मोडीच्या वर्गाला जायला लागल्यापासून मी तीन भिश्या सोडल्या.

कुणी म्हणेल, मग मराठ्यांचे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई? बरोबर, मीही आमच्या वर्गात हेच नाव पहिल्यांदा घेतलं होतं. जन्म 1865 चा, साठीच्या सुमाराला बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहिले आणि मग पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, 1930 ते 1934 मध्ये. मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडात आला तेव्हा ऐंशी उलटून गेली होती. थक्कच व्हायला होतं. पण ते साठीला अचानक फुललेलं झाड नव्हतं, त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं ते नोकरी सांभाळून इतिहासच लिहीत होते. त्यांचं उदाहरण घेऊन 'बघा, साठीनंतर मेंदू टॉपला' म्हणणं म्हणजे जुनी एफडी मॅच्युअर झाली आणि श्रेय कॅलेंडरला दिलं.

माझा खरा राग वेगळाच आहे. प्रॉडक्टिव्ह! अहो, सदतीस वर्षं टार्गेट, क्लोजिंग, ऑडिट केलं, आता तरी तो शब्द नको ना. आमच्या वर्गातले एक काका दोन महिन्यांत सोडून गेले, म्हणाले मेसेजात लिहिलंय मेंदू टॉपला असतो, मग मला का जमत नाही, माझ्यातच काहीतरी बिघाड असणार. असं होतं यामुळे. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी लांब रेघ ओढायची आणि खाली हात न उचलता अक्षरं लटकवत न्यायची, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, त्यात ज्याचा त्याचा हात वेगळा, विशीतल्या पोरांनाही घाम फुटतो. मी हळू आहे. नात मोबाइलवर बघून महिन्याभरात माझ्या पुढे गेली आणि वर 'आजी, हे र आहे गं' म्हणून दुरुस्त करते. चिडते मी, पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता जाग येते ती त्या कागदासाठी, आणि अशी जाग मला लग्नानंतर पहिल्यांदाच येतेय (ह्यांना सांगू नका).

गेल्या आठवड्यात एका कागदावरची तारीख लागली, 'सीत सितैन मया व अलफ'. ही शुहूर सनाची (जुन्या मराठी कागदांवरच्या एका कालगणनेची) अरबी अंक सांगायची पद्धत, सहा, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1166, त्यात 599 मिळवले की इसवी 1765. पानिपतानंतर चारच वर्षं! हात थरथरला माझा. तीन दिवस खपून खालचा मजकूर लावला, काहीतरी मोठं गुपित असणार म्हणून ह्यांनाही चहा करायला लावला.

घोड्यांच्या चंदीचा हिशोब निघाला. बेरीज चुकलेली होती, ती मात्र मला लगेच दिसली.