कानातले

माझ्या जुन्या इअरफोनने प्राण एकदम सोडला नाही. आमच्याकडच्या सगळ्या वस्तूंसारखा तोही आधी काही महिने अंथरुणाला खिळला. जॅकजवळ तार अशी काही पिचली होती की ती फोनच्या पाठीला टेकवून, अंगठ्याने दाबून, घड्याळातल्या तास-काट्यासारखी एका ठरावीक कोनात धरली तरच गाणं नीट लागायचं. अंगठा जरा ढिला पडला की गाणारी बाई गायब आणि मागचे वाजवणारे तेवढे शिल्लक. व्हायोलिनं जोरात, ढोलकी जोरात, फक्त गाणं नाही. नवरी पळून गेलीय आणि बँडवाल्यांना कोणी सांगितलंच नाही, तसं. भीमसेनजींचा जुना अभंग लावला तर तेही नाही. नुसती शांतता. समाधीच.

माझा भाचा घोडबंदर रोडला राहतो आणि त्याला सगळं कळतं. त्याने तो जॅक डोळ्यांजवळ धरून मला दाखवला. "हे तीन काळे पट्टे दिसतात? त्यांनी चार भाग होतात. डावा कान, उजवा कान, माइक आणि अर्थ, म्हणजे सगळ्यांची परतीची सामायिक तार. अर्थ सुटला की दोन्ही कानांना जे सारखं जातं ते एकमेकांतून वजा होतं आणि फरक तेवढा ऐकू येतो. गायिका दोन्हीकडे सारखी असते म्हणून ती जाते. तुझी जुनी रेकॉर्डिंगं मोनो, त्यात दोन्हीकडे सगळंच सारखं, म्हणून सगळंच जातं. थोडक्यात काय मामा, तुझ्या गाण्यातला अर्थ गेलाय."

हे तो गंभीरपणे म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

तेव्हा नवीन घ्यायचे ठरले. आठशे रुपये ही मर्यादाही ठरली. आठशेच का, याला उत्तर नाही. आमच्या घरात छत्री, चप्पल आणि आहेराचं पाकीट असले सगळे आकडे असेच, कुठून तरी वरून येतात. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून घरी फोन केला आणि सहज म्हणालो, "आज यायला उशीर होईल. येताना गोखले रोडला उतरून कानातले घेऊन येतो."

पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग, "अहो, खरंच?" या दोन शब्दांत एवढा मध होता की मला वाटलं, हिलाही माझ्या त्या तुटक्या तारेचं किती वाईट वाटत होतं बघा.

गोखले रोडच्या दुकानात काउंटरमागे छतापर्यंत डबे. मी म्हणालो, "एखादा लावून दाखवा, गाणं ऐकून बघतो." दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्याचा टूथब्रश मागितला. "साहेब, कानाची वस्तू आहे. सील तोडलं की तुमची." त्याचं बरोबरच होतं म्हणा. आधी कोणाकोणाच्या कानातून फिरून आलेली वस्तू मीही घातली नसती. पण याच रस्त्यावरचा साडीवाला गादीवर चाळीस साड्या उलगडतो, आंबेवाला फोड कापून देतो आणि ज्या वस्तूची परीक्षा फक्त कानानेच करता येते ती मात्र डबा वाचून घ्यायची! म्हणून मग मी डबे वाचले.

डब्यांवरचं मराठी सोडा, इंग्रजीही मला कळेना. सगळ्यांना 'बास' हवा होता. डीप बास, सुपर बास, बूम बास. आपलं मराठी 'बास'च मला जवळचं वाटत होतं. एका डब्यावर लिहिलं होतं, १० हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ. मी घाबरून भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "माणसाला २० ते २०,००० ऐकू येतं मामा, तेही लहानपणी. चाळीस हजार तुमच्या खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला ऐकू येईल. त्याच्यासाठी घेतोयस का?" मग त्याने मला फोनवर एक ॲप उघडायला लावलं. त्यातून एक शिट्टी बारीक बारीक होत वर चढत जाते. बारा हजाराच्या आसपास मी म्हणालो, "संपली." दुकानातला पोऱ्या म्हणाला, "अंकल, चालू आहे अजून." तो बराच वेळ ऐकत उभा राहिला, चेहऱ्यावर माझ्याबद्दलची दया. म्हणजे डब्यावरच्या त्या चाळीस हजारांतले अठ्ठावीस हजार मला फुकट मिळाले तरी उपयोगाचे नव्हते. भाचा म्हणाला, "बघ, पैसे वाचले."

त्यानंतर तो ओहमवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर, गेला. सोळा ओहम आणि बत्तीस ओहम, फोनला दोन्ही चालतात. मग ड्रायव्हरवर. दहा मिलिमीटरचा ड्रायव्हर म्हणजे आत बसवलेला तो चिमुकला स्पीकर, आणि तो मोठा असला म्हणजे चांगला असतोच असं नाही. हे ऐकून मला टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या, बसगाड्या आठवल्या, पण ते जाऊ दे. मग एलडॅक नावाचं काही तरी निघालं, ते ब्लूटूथमधून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत गाणं पाठवतं म्हणे. पण त्यासाठी फोन आणि कानातले दोघांनाही ते यावं लागतं. एकाला येऊन उपयोग नाही. संसारासारखंच.

दुकानदार तोवर जांभया देऊ लागला होता. त्याने स्वतःच एक डबा पुढे सरकवला. बिनतारी. आठशे नव्व्याण्णव. वर ठळक अक्षरांत 'ईएनसी नॉइज कॅन्सलेशन'. मी वाचलं ते फक्त 'नॉइज कॅन्सलेशन'. डोळ्यांसमोर ठाणे स्टेशनचा दहा नंबर फलाट आला आणि तो एकदम निःशब्द झाला. नव्व्याण्णव रुपयांनी मर्यादा मोडली आणि मी घरी निघालो.

घरी दार उघडायच्या आत आल्याचा वास. चहा ठेवणीतल्या कपातून. शेजारी बशीत साबुदाणा वडे, आणि त्या दिवशी कसलाही उपास नव्हता. बायकोने डबा हातात घेतला, जरा हलवून पाहिला आणि हसत उघडला. आत काळ्याशार दोन बिया, राजम्यासारख्या.

"हे काय?"

"कानातले," मी म्हणालो.

वडे तिने परत नेले नाहीत, एवढं म्हणेन. पण चटणी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहा नंबरवरून नेहमीची ट्रान्स हार्बर लोकल पकडली. माझं ऑफिस रबाळ्याला. ठाणे ते रबाळे म्हणजे बरोबर एक अभंग. २०२४ मध्ये मध्येच दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून त्यात एक तान वाढली. मी बिया कानात घातल्या, अभंग लावला आणि माझ्या लक्षात आलं की काहीही कॅन्सल झालेलं नाही. दाराजवळ पत्ते खेळणारे ऐकू येत होते. शेजारच्या काकांचा मुलीच्या सासरच्यांशी चाललेला फोन ऐकू येत होता, दोन्ही बाजूंनी. गाडी डोंगराखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा तर अभंग बाहेरच राहिला, पलीकडे ऐरोलीला भेटला.

तेवढ्यात बायकोचा फोन. गॅसचा नंबर कुठे लिहून ठेवलाय वगैरे. मी मोठ्याने सांगू लागलो, तशी ती म्हणाली, "ओरडता कशाला? आणि तुम्ही आहात कुठे?"

"गाडीत."

"गाडीत? एवढी शांतता?"

पुढचा संवाद इथे देत नाही. 'कॉफीशॉप' हा शब्द त्यात दोनदा आला, एवढं सांगतो. शेवटी मी फोन शेजारच्या काकांसमोर धरला आणि त्यांनी साक्ष दिली. ती साक्ष मात्र तिला अगदी स्वच्छ ऐकू गेली.

खुलासा अर्थातच भाच्याने केला. आपल्या कानाला शांतता देते ती एएनसी. तिच्यात बाहेरचा आवाज छोट्या माइकने टिपून त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतात, आणि तीही गाडीच्या एकसुरी घरघरीवर चालते, बोलण्यावर तितकीशी नाही. ईएनसी म्हणजे आपल्या आजूबाजूचा गोंधळ समोरच्याला जाऊ नये म्हणून. म्हणजे मी नऊशे रुपये खर्चून फोनवर येणाऱ्या प्रत्येकाच्या शांततेची सोय केली होती. माझ्या गोंगाटाला कोणी हातही लावला नव्हता. एका अक्षराचा फरक. दुकानदाराने खोटं काही सांगितलं नव्हतं, डब्यानेही नाही. माझा चष्मा घरी होता.

त्या बिया बायकोने ताब्यात घेतल्या. कणीक मळताना ती कोल्हापूरच्या बहिणीशी बोलते आणि बहिणीला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. "उपयोगाची वस्तू आहे," असं आता ती म्हणते. त्या म्हणण्यात कौतुक आहे, पण त्या दिवशीचा मध नाही.

मी पुन्हा गोखले रोडला. या वेळी तारेचे. माझ्या फोनला अजून ते गोल भोक आहे. २०१६ साली आयफोन ७ ने ते बुजवलं आणि मग एकेका कंपनीला आपल्याही फोनला भोक शोभत नाही असं वाटू लागलं. माझा फोन जुना, त्याला अजून तसं काही वाटलेलं नाही. तारेच्या वस्तूला चार्जिंग नको, आणि एक कान रुळांवर पडायची भीती नाही. सहाशे एकोणपन्नास. दोन खरेद्यांची बेरीज मी केलेली नाही. घरात दुसऱ्या कोणी तरी केली आहे.

आणि हे नवे, भाच्याने परीक्षणं वाचून, तासभर व्हिडिओ बघून निवडलेले, घरी आणून कानात घातले, तर पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा! तंबोरा जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये लागलाय. भीमसेनजींचा आवाज सर्दी झाल्यासारखा. आठवडाभर मी ते ऐकले आणि स्वतःची समजूत घातली की बारा हजारांच्या वरचं गेलेलं आहेच, आता खालचंही गेलं असणार. वयाप्रमाणे.

रविवारी भाचा जेवायला आला. मी तक्रार केली. त्याने काहीच न बोलता माझ्या कानांकडे पाहिलं, डॉक्टर बघतात तसं. "हे बाहेर लटकतायत मामा. आत कुठे गेलेत? फट राहिली की बास गळून जातो. डाव्या हाताने डोक्यावरून उजवा कान धर, वर आणि मागे ओढ, आणि मग घाल." मी ओढला. शाळेत गणिताचे मास्तर माझा कान नेमका असाच ओढायचे, वर आणि मागे. नीट ऐकू यावं म्हणूनच ओढत होते, हे चाळीस वर्षांनी कळलं.

डावा कान एकदम भरला. उजवा तसाच. "कुठलं रबर लावलंयस?"

"जे लावून आलं ते."

"ते एम. डब्यात एस आणि एलची पुडी असते. दोन कान एका मापाचे असतातच असं नाही. पुडी कुठाय?"

पुडी! डबा रद्दीत गेला होता. मी टेबलाचा खण उपसला. त्यात मेलेला इअरफोन निघाला, तो मी टाकू शकलेलो नाही. सहा चार्जर निघाले. पुडी नाही. शेवटी बायको आतून म्हणाली, "ती बारकी पारदर्शक पिशवी का? ती मी ठेवलीय." आणि कपाटातला दागिन्यांचा डबा घेऊन आली. मोत्याच्या कुड्यांशेजारी, कापसावर, ती पुडी. आत चार रबरी टोप्या, दोन चिमुकल्या, दोन थोराड.

"मला वाटलं रबरी फिरक्या आहेत," ती म्हणाली. "म्हटलं, जरा मोठ्या आहेत, पण असू देत. कानातले कधी आलेच तर लागतील."

यावर भाच्याने भाजी मागितली. हुशार आहे तो.

मी उजव्या कानाला एल लावलं. मास्तर नेहमी उजवाच ओढायचे, त्यामुळे हा योगायोग नसावा. वर, मागे, आत. तशी बाहेरची दुपार कोणी तरी दार लावल्यासारखी बंद झाली. माझंच चावणं मला ऐकू येऊ लागलं, तोंडातली पापडाची शेवटची कड एखादं घर पाडतायत तशी वाजली. तार शर्टाच्या बटणाला घासली की खसखस, म्हणून ती कानामागून घेतली. आणि मग तंबोरा. शेजारच्या बिल्डिंगमधून निघून तो जिना चढून घरात आला आणि माझ्या दोन्ही बाजूंना बसला. पखवाजाची थाप छातीत. एवढं सगळं सहाशे एकोणपन्नास रुपयांत होतं आणि आठवडाभर दागिन्यांच्या डब्यात पडून होतं.

समोर बायको उभी राहून काही तरी म्हणत होती. ओठ हलताना दिसत होते. त्याच क्षणी सम आली आणि माझी मान आपसूक डोलली. ती पुन्हा काही म्हणाली. पुन्हा सम. मी डोळे मिटून अगदी मनापासून मान डोलावली.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी गोखले रोडवरच्या सराफाकडे स्टुलावर बसलो होतो. समोर मखमलीचे पाच ट्रे, हातभर आरसा, आणि बायको सातवी जोडी कानाला लावून मान या बाजूने, त्या बाजूने वळवून बघत होती. मी सराफांना दबक्या आवाजात विचारलं, "एवढ्या सगळ्या घालून बघितल्या तर चालतात तुम्हाला?"

"म्हणजे काय साहेब," सराफ म्हणाले आणि सहावा ट्रे काढला. "कानाची वस्तू आहे. घालून बघितल्याशिवाय कशी घेणार?"