डाव्या कानाचं मत

मंगळवारी एका अनोळखी काकूंनी माझ्या इयरफोनची डावी बाजू स्वतःच्या कानात घातली, दोन मिनिटं गाणं ऐकलं आणि अख्ख्या अल्बमला पाचपैकी अडीच गुण देऊन टाकले. राग अजून गेलेला नाही. गुणांचा नाही, इयरफोनचा. बरं, दोन्हीचा.

जागा म्हणजे टोकन घेऊन ताटकळत बसायची जागा. माझ्या आधी सतरा जण. एवढं पुरे.

"काय ऐकतेस गं?" म्हणेपर्यंत काकूंनी तार ओढलीसुद्धा. मी सांगितलं, एका गायिकेचा नवा अल्बम आहे, गाणी तिनंच लिहिलीत, चालीही तिच्याच.

"अच्छा. संगीत कोणाचं?"

"तिचंच."

"अगं, चाल तिची, ते कळलं. संगीत कोणाचं?"

"तेही तिनंच केलंय."

"आणि मागे वाजतंय ते?"

"गिटार तीच वाजवतेय. पियानोही."

"पण हे सगळं जुळवून आणणारं कोणी असेल ना? प्रोड्युसर की काय म्हणतात तो?"

"प्रोड्युसरही तीच."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग आवाज खाली आणून, शेजारणीच्या घरातलं विचारावं तसं विचारलं, "मग नवरा काय करतो?"

मी हसले, पण यात हसण्यासारखं फार काही नाही. काकू निदान तोंडावर विचारतात. टेलर स्विफ्टची गाणी खरोखर तीच लिहिते का, अशी कुजबुज इतकी वाढली की 2010 च्या 'स्पीक नाऊ'ची मूळ चौदाच्या चौदा गाणी तिनं एकटीनं लिहिली, सहलेखक घेतलाच नाही. आइसलंडची गायिका ब्यर्क हिनं 2015 साली एका मुलाखतीत हेच गाऱ्हाणं मांडलं होतं: निर्मिती दोघांनी केलेली, बातम्यांत नाव मात्र सोबतच्या पुरुषाचं एकट्याचं. पुरुष गिटार घेऊन बंद खोलीत एकट्यानं अल्बम करतो तेव्हा त्याची बायको काय करते, असं मी अजून कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

नवऱ्याचा तपास लागेना, तेव्हा काकूंनी दुसरा धरला. "हे सारखं 'तू, तू' चाललंय, तो कोण?"

म्हटलं, असेल कोणीतरी, नसेलही.

"नसेल कसा? एवढं चिडून हवेशी बोलतं का कोणी?"

बोलतात की! ब्रिटिश गायिका केट बुशनं 'वुदरिंग हाइट्स' हे गाणं लिहिलं ते त्याच नावाच्या कादंबरीतल्या मेलेल्या नायिकेच्या तोंडी. त्यातली 'मी' हे खिडकीबाहेर थंडीत उभं राहिलेलं भूत आहे. 1978 मध्ये ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथे पोचलेली ती पहिली बाई, वय 19. काकूंचा नियम लावला तर ती पोरगी गाणं लिहिण्याआधीच वारलेली असायला हवी होती. पण बाईनं 'मी' म्हटलं की ती डायरी, आणि डायरी दिसली की त्यातला माणूस शोधायचा. ऐकणारे गाण्यातली तारीख, शहर, शर्टाचा रंग जुळवत बसतात. तिसऱ्या कडव्यात ती सूर का बदलते, हे बघायला वेळ कुणाला?

असो. मुख्य तक्रार पुढे आहे.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "आवाजात दम नाही. खाली खाली गाते. आणि कणसूर आहे. मी लहानपणी पाच वर्षं गाणं शिकलेय."

आता ज्या गाण्यावर हा निकाल लागला त्याची रचना सांगते. एरवी मुख्य आवाज दोन्ही कानांत सारखाच सोडतात, म्हणून तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. या गाण्यात तिनं मुद्दाम तसं केलेलं नाही. मूळ चाल पूर्ण उजवीकडे, त्याच आवाजातली खालची साथ पूर्ण डावीकडे आणि गिटार मध्ये. दोन्ही कानांनी ऐकलं की एकच बाई स्वतःशी भांडतेय असं वाटतं, आणि गाणं त्याबद्दलच आहे. बिनतारी इयरफोनची एक बाजू काढली तर बरेचदा दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन उरलेल्या कानात येतो. माझे तारेचे. तिथे डावं म्हणजे फक्त डावं. थोडक्यात, काकूंनी गायिका ऐकलीच नव्हती, साथ ऐकली होती.

हे सगळं मी हात हलवून समजावलं. म्हटलं, "काकू, अर्धं गाणं माझ्या कानात आहे."

"असू दे. चांगलं असेल तर अर्ध्यातही कळतं."

"पण मूळ चालच तुमच्याकडे नाहीये!"

"म्हणून तर अडीच. अर्धं ऐकलं, अर्धे गुण."

या हिशोबात चूक काढायचा मी अजून प्रयत्न करतेय.

मग म्हणाल्या, "धाप पण लागते तिला." ही तक्रार तर सगळेच करतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि नंतर कॉम्प्रेसर लावून मोठे आवाज दाबतात, मग एकूण पातळी वर घेतात. त्याबरोबर श्वासही वर येतो. एकेक श्वास कापून काढता येतो, पण मग गाणं बाहुली गातेय असं वाटतं. तिनं ते ठेवलेत, कारण बाई श्वास घेते.

काकूंचं एक वेळ समजू शकते, त्यांच्याकडे एकच कान होता. ज्यांच्याकडे दोन आहेत ते काय दिवे लावतात? फोन टेबलावर पालथा टाकून ऐकतात आणि म्हणतात, गाणी पोकळ आहेत. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही. पोकळी फोनची, नाव बाईचं.

नाहीतर शफल करतात, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं लावतात. अल्बम सलग ऐकला तर स्पॉटिफाय हे ॲप सगळ्या गाण्यांच्या आवाजाची पातळी मिळून एकदाच ठरवतं, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. शफल केलं की प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी बेतली जाते, आणि कुजबुजत गायलेलं गाणं शेजारच्या ड्रमवाल्या गाण्याच्या जवळपास जाऊन बसतं. मग मत येतं, "सगळी गाणी सारखीच वाटतात." अहो, तुम्हीच सारखी केलीत! अल्बम लावलेल्या क्रमानंच ऐकला जावा, हे म्हणणं गायिका अडेलनं 2021 मध्ये लावून धरलं, तेव्हा कुठे स्पॉटिफायनं अल्बमच्या मुख्य बटणावरून शफल काढलं. गाण्यांचा क्रम लावायला आठवडे जातात हो. कोणतं गाणं कोणत्या सुरात संपतं आणि पुढचं कुठून उचलतं, मध्ये दोन सेकंद ठेवायचे की चार, सगळं मोजलेलं असतं. आणि इथे कोणीतरी सातवं गाणं पहिलं ऐकून विचारतं, "ही एकदम इतकी का चिडली?" आधीची सहा ऐक ना बाबा.

तेवढ्यात काकूंचा नंबर पुकारला. त्या उठल्या, इयरफोन कानातच, तार ताणली आणि माझा फोन मांडीवरून खाली गेला. काकूंनी डावी बाजू काढून पदराला पुसली (माझ्या कानात होती म्हणून की त्यांच्या, ते कळलं नाही), माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात बघ. 'तू'वर. उतरते."

फोनला काही झालं नाही. घरी आल्यावर उजवी बाजू काढून ठेवली आणि फक्त डावी लावून ते गाणं ऐकलं. अकरा वेळा. मूळ चालीबरोबर ऐकताना कधी लक्षात आलं नव्हतं, पण दुसऱ्या कडव्यात, 'तू'वर, खालचा आवाज किंचित उतरतो.

मुद्दाम उतरवला असणार. चारचौघांत मी तेच सांगणार आहे.