दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला म्हणून फोन फुटत नाही

आमच्या इंदूरच्या नातेवाईकांत आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला तीन जणांनी पाठवला. म्हणे प्रत्येक फोनला त्याच्याच कंपनीचा चार्जर लागतो, दुसरा लावला तर जास्तीचे वॉट आत घुसून बॅटरी फुटते, सी-टाइपची केबल मात्र कुठलीही चालते, आणि खात्री नसेल तर खालच्या नंबरवर कस्टमर केअरला विचारा, ते पण हेच सांगतील. लोक घाबरून नवे चार्जर घेताहेत म्हणून लिहितेय.

आधी वॉटचं. चार्जरवर ६७ वॉट लिहिलंय ती त्याची जास्तीत जास्त ताकद, तेवढं तो ढकलत नाही, किती घ्यायचं ते फोन ठरवतो. सी-टाइपचा चार्जर जोडल्यावर आधी ५ व्होल्टच देतो, मग माझ्याकडे काय काय आहे ते फोनला कळवतो, फोन त्यातलं झेपेल ते मागतो, आणि दोघांचं जुळलं नाही तर ५ व्होल्टवरच काम चालतं. रामबागेत मामींकडे चारही चार्जरवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली, कुणी कुणाचा घ्यायचा नाही. मी मामांच्या फोनला लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर लावला आणि मधे किती वीज जाते ते दाखवणारं छोटं यूएसबी मीटर, तर आकडा आला ९ व्होल्ट, १.७ अँपिअर, म्हणजे जेमतेम १५ वॉट. मामी तरी दहा मिनिटं फोनवर हात ठेवून बसल्या, तापतोय का बघत. नाही तापला.

फरक पडतो तो वेगात. ओप्पोच्या सुपरवूकसारखं कंपनीचं खास फास्ट चार्जिंग त्याच्याच चार्जर आणि केबलवर पूर्ण वेगाने होतं, दुसऱ्यावर हळू, एवढंच. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून विकायच्या प्रत्येक नव्या फोनला सी-टाइप सक्तीचं आहे, फास्ट चार्जिंग असेल तर पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेली फास्ट चार्जिंगची पद्धत, चालायलाच हवी, आणि ते मुद्दाम अशासाठी की एकच चार्जर सगळ्यांना लावता यावा!

फोन फुटल्याचं उदाहरण म्हणून मेसेजला सॅमसंगच्या नोट ७ या फोनचा फोटो जोडलाय. ते प्रकरण २०१६ चं, आणि जानेवारी २०१७ मधे कंपनीनेच तपास करून सांगितलं की दोष बॅटरीत होता, चार्जरचा संबंध नव्हता.

केबलचं मात्र मेसेजमधे अगदी उलटं लिहिलंय आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. साधी सी-टू-सी केबल (दोन्ही टोकांना सी-टाइप) ३ अँपिअरची असते, ५ अँपिअरला आत ओळख सांगणारी चिप लागते. जुन्या चपट्या यूएसबीतून सी-टाइपला जाणाऱ्या केबलमधे ५६ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, किती करंट घ्यायचा ते फोनला त्यावरून कळतं, तो चुकीचा असला तर फोन चार्जरच्या कुवतीपेक्षा जास्त करंट ओढायला बघतो. गूगलचे इंजिनिअर बेन्सन लियुंग अशा केबल तपासायचे, २०१६ मधे एका केबलच्या तारा आत उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप बिघडला. तेव्हा इंदूरच्या डॉलर मार्केटला मोबाइलचं सामान घ्यायला गेलात की चार्जर उलटा करून बघा, बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आर आणि पुढे आठ आकडे हवेत, तो नंबर बीआयएस केअर ॲपमधे टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आणि मिळेल ती सुटी केबल उचलू नका.

राहिलं कस्टमर केअर. माझी मावसबहीण दोन वर्षं विजय नगरला एका कॉल सेंटरमधे होती, पगार एका कंपनीचा आणि फोन घ्यायचे दुसऱ्या ब्रँडचे. ती म्हणते समोर स्क्रीनवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिलेलं असायचं, चार्जिंगची तक्रार आली की "ओरिजिनल ॲक्सेसरीज वापरा" हे वाक्य म्हणायचंच, नाहीतर मार्क कापले जायचे, ग्राहकाचा चार्जर कुठला हे विचारायला वेळच नसायचा. त्या मुलांचा यात काही दोष नाही, पण त्या वाक्याला तांत्रिक पुरावा म्हणू नका.

आणि मेसेजच्या खाली दिलेला तो नंबर साधा दहा आकडी मोबाइल नंबर आहे, तो कंपनीचा नसून फसवणाऱ्याचा असू शकतो. केअरचा नंबर फोनच्या बॉक्सवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, कुणी स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मामींनी तो नंबर "केअर" म्हणून सेव्ह करून ठेवला होता, चहा घ्यायच्या आधी तो डिलीट करायला लावला.