नुसत्या एकूण यार्डांवर तुलना नको
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) अॅश्टन जेंटी २०२४ मध्ये बॅरी सँडर्सच्या १९८८च्या, एका मोसमात धावून काढलेल्या यार्डांच्या विक्रमापासून २७ यार्डांवर थांबला, म्हणून एका लेखात दोघांना एकाच पंक्तीत बसवलंय. पटत नाही. सँडर्सचे २,६२८ यार्ड ११ सामन्यांतले, जेंटीचे २,६०१ यार्ड १४ सामन्यांतले. सामन्यामागे २३९ आणि १८६, केवढा फरक! शिवाय बाऊल सामन्याचे (नियमित मोसमानंतरच्या खास सामन्याचे) आकडे मोसमात धरायला २००२ पासून सुरुवात झाली. हॉलिडे बाऊलमध्ये वायोमिंगविरुद्ध सँडर्सने काढलेले २२२ यार्ड हिशेबातच नाहीत. दर कॅरीची (चेंडू घेऊन एकदा धावण्याची) सरासरीही बघा: सँडर्स ३४४ कॅरींत ७.६, जेंटी ३७४ कॅरींत ७. रनिंग बॅक मेल्विन गॉर्डन (२०१४, ७.५) इथे सँडर्सच्या जास्त जवळचा. जेंटीची खरी ताकद टॅकलचा (प्रतिस्पर्ध्याने पकडून पाडण्याचा) धक्का पचवून पुढे काढलेल्या यार्डांत आहे. ते वाट मोकळी करून देणाऱ्या ब्लॉकर्सच्या जिवावर मिळत नाहीत, तो रकाना लेखातल्या तक्त्यात हवाच होता.